जाऊबाईंची बारी

पुण्यातल्या बायकांचं एक बरं असतं. पन्नाशी आली आणि गुडघे कुरकुरायला लागले की डॉक्टर सांगतात, "सकाळी चालायला जात जा." मग त्या बूट चढवून पर्वतीला नाहीतर तळजाईला जातात, जाताना सुनेबद्दल आणि येताना व्याह्यांबद्दल बोलतात, खाली आल्यावर इडली-सांबार खातात आणि व्यायाम झाला म्हणून घरी येऊन आडव्या होतात. आमच्या थोरल्या जाऊबाईंनाही मंचरला डॉक्टरांनी हाच सल्ला दिला. जाऊबाईंनी शांतपणे विचारलं, "जाते की. पण वाटंत बिबट्या भेटला तर थांबायचं, का चालीत राह्यचं?" डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

आमची लोणी म्हणजे आंबेगाव तालुक्यातली, धामणीशेजारची. हे सांगावं लागतं. लोणी म्हटलं की कुणी लोणी काळभोरच्या स्टेशनावर उतरतो, कुणी लोणीकंदला, बारामतीकडचा माणूस लोणी भापकरला पोचतो आणि नगरकडचा प्रवरेच्या कारखान्याचं विचारतो. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा पाऊस आणि डिंभे धरण, पूर्वेच्या टोकाला आम्ही. धरण आमच्याच तालुक्यात आहे, हे आम्ही नकाशात पाहिलेलं आहे. घोडेगावला लोक छत्री घेऊन फिरत असतात तेव्हा आम्ही आभाळाकडं बघत टँकरची चौकशी करत असतो.

पाणी आमच्यापर्यंत येवो न येवो, बिबट्या मात्र येतो. जुन्नर-आंबेगावात कालव्यानं ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या. त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या, त्यामुळं जंगल म्हणजे काय ते आता त्यांनाही कुणीतरी नेऊन दाखवायला हवं. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्यानं बाहेर पडू नका, शेतात वाकून-बसून काम करताना सावध राहा, असं वनखातं सांगतं. खुरपणी उभ्यानं कशी करायची, हा प्रश्न उरतोच. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला 2025 साली माणसं गेली, आणि त्यानंतर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. त्यात हसण्यासारखं काही नाही. सांगायचं इतकंच, की पहाटे चालायला जाणं हा आमच्याकडं आरोग्याचा कार्यक्रम होऊ शकत नाही. जुन्नरला माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. बायकांच्या गुडघ्यांसाठी तशी काही सोय नाही.

हे सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं, पण यात्रेला भाची आली. ती फिजिओथेरपी शिकते. म्हणजे घरातल्या कुणाचंही काहीही दुखत असलं, तरी ती त्याला दाबायला जात नाही, उलट त्यालाच उठून उभं राहायला सांगते. तिनं आल्या आल्या पडवीत आम्हा बायकांची शाळा घेतली. तिशीनंतर माणसाचे स्नायू घटायला लागतात, दर दहा वर्षांनी शंभरातले तीन ते आठ भाग जातात, साठीनंतर त्याहून जास्त. बाईची पाळी गेली की हाडांची राखण करणारं इस्ट्रोजेनही कमी होतं, मग हाडं आणि स्नायू दोन्ही एकदमच रजेवर. आपल्याकडच्या बायकांची पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी.

"म्हंजी त्यांच्याआधी सुटलो की आपण," जाऊबाई म्हणाल्या.

"सुटला नाही मामी, घसरणीला लागलात," भाची म्हणाली. पोरीला तोंड आहे.

उपाय काय, तर वजन उचलायचं. नुसतं चालून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली लिहूनच ठेवलंय, की आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम हवा, आणि पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचाही. यावर पडवीत एकच हलकल्लोळ झाला. वजन उचलायचं? आम्ही? आयुष्यभर दुसरं काय केलं? डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, काखेला पोर. कांद्याच्या काढणीला दिवसभर बूड टेकत नाही, वैरणीचा भारा आहे, शेणाची पाटी आहे. शेजारच्या वैनी तर उठूनच निघाल्या. "मला यायाम कराय सांगती. हिला म्हणावं, एक दिस माझ्यासंगं खुरपाय ये."

हा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही. मीही आयुष्यभर हेच म्हणत आले होते आणि अजूनही मला त्यात तथ्य वाटतं. कष्टाच्या बाईला व्यायाम शिकवणं हे भरल्या पोटी दुसऱ्याला उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं वाटू शकतं. भाचीनं वाद घातला नाही. तिनं एक प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "हाताची घडी घालायची. पाच वेळा उभं राहायचं, पाच वेळा बसायचं. खुर्चीला हात लावायचा नाही. बारा सेकंद."

आशियातल्या डॉक्टरांच्या एका गटानं 2019 साली हा हिशेब ठरवलाय. पाच उठाबशांना बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर स्नायूंकडं बघायची वेळ आली समजायचं. मुठीची ताकद मोजायचंही एक यंत्र असतं, त्यात बाईची पकड 18 किलोच्या खाली गेली की काळजी. यंत्र आमच्याकडं नव्हतं. पण बारा सेकंद म्हटल्याबरोबर गोठ्यातून आमचे धाकटे भाऊजी बाहेर आले.

इथं भाऊजींची ओळख करून द्यायला हवी, कारण बारा सेकंद या विषयात त्यांच्याइतका अधिकार पंचक्रोशीत थोड्यांचाच असेल. भाऊजी गाडामालक आहेत. आमच्या भागात गाडा म्हणजे चारचाकी नव्हे, बैलगाडा. यात्रेला घाट भरतो, बैल चढावर सुटतात, आणि बारी अकरा सेकंदात बसली का बारात, यावर घराण्यांची अब्रू ठरते. एका सेकंदाच्या शंभराव्या भागावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकल्याची उदाहरणं आहेत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं बैल घरी बसून होते. खुराक मात्र एक दिवस बंद पडला नाही, कारण निकाल कधीही लागला असता.

भाऊजींनी खिशातून घड्याळ काढलं. मोबाईलवरचं नव्हे, घाटात वापरतात ते. पडवीच्या कडेला उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि पदर खोचून खुर्चीवर बसलेल्या थोरल्या वहिनींकडं त्यांनी जे पाहिलं, ते दीर वहिनीकडं पाहतो तसं नव्हतं. पारखून पाहिलं. खुरापासून.

"सोडा," ते म्हणाले.

पहिली उठबस झोकात झाली. दुसरीला गुडघ्यानं आवाज दिला. तिसरीला जाऊबाईंचा हात आपसूक खुर्चीच्या दांडीकडं गेला, तशी भाची ओरडली, भाऊजीही ओरडले, "हात लागला, बारी बाद!" पुन्हा बारी लावली. घाटात पुकारणारे जसे ओरडतात तशा सुरात भाऊजींनी निकाल पुकारला, "सतरा सेकंद एकवीस पॉइंट!" आणि मग त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण हळूच म्हणाले, "फरशी गुळगुळीत हाय, वैनी. पकड मिळाली नाय."

माझी बारी कितीची बसली ते मी इथं लिहिणार नाही. फरशी माझ्याही वेळेला गुळगुळीतच होती.

मग आत्याबाई उठल्या. आमच्या सासूबाई, ऐंशीला टेकलेल्या. "ह्या खुर्च्याबिर्च्या मला नगं," म्हणाल्या आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसल्या, हात न टेकता उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. भाऊजी घड्याळ दाबायचंच विसरले. भाचीनं वही काढली. आत्याबाईंचं म्हणणं असं, की पहाटे उठून जातं ओढलंय, उखळात भात कांडलाय, दीड कोसावरनं पाणी आणलंय, तुमच्यासारखं बटण दाबून पीठ नाही केलं. ह्यावर आम्ही दोघी जावा एकदम गप्प झालो, कारण मिक्सर आत्याबाईंनीच हट्टानं आणायला लावला होता.

पण हे खरं आहे, आणि मला वाटतं इथंच खरी मेख आहे. जोराची कामं गेली. जातं अंगणात पालथं पडलंय, पाट्याला वरवंटा सापडत नाही, नांगरटीला ट्रॅक्टर आलाय, पाण्याला मोटार. राहिलं ते झिजवणारं काम. वाकून खुरपायचं, वाकून झाडायचं, वाकून कांदा काढायचा, चुलीच्या जागी गॅस आला पण उभं राहून थापायची भाकरी तेवढीच. अशा कामानं बाई दमते, पण तिच्या अंगात ताकद वाढत नाही. रोज तेवढंच ओझं, त्याच मणक्यावर, आणि वर विश्रांती नाही. भाची हेच सांगत होती, पण तिच्या तोंडी ते पुस्तकातलं वाटत होतं.

ते पटवून दिलं भाऊजींनी, आणि तेही नकळत. शेजारच्या वैनी अजून उंबऱ्यात उभ्या राहून म्हणत होत्या, की दिवसभर राबणाऱ्या अंगाला आणखी कसली तालीम? त्यावर भाऊजी, बैलाच्या विषयात माणूस सवयीनं बोलतो तसं बोलून गेले, "आसं कसं वैनी? शर्यतीचा बैल आम्ही औताला जुपतो व्हय कधी? औताला जुपला की तो मोडला. त्याला तालीम येगळी, खुराक येगळा, आराम येगळा. राबून ताकद येती का कुठं? राबून नुसता बैल म्हातारा व्हतो."

पडवीत शांतता पसरली. चार बायका भाऊजींकडं बघायला लागल्या. भाऊजींच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोलून बसलो आहोत, पण काय ते कळेना. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि ते गोठ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत तालीम सुरू झाली. दार लावून, म्हणजे बिबट्या आणि गावकरी दोघंही बाहेर. सामान घरातलंच. पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन पाण्यानं भरले की पाच किलो होतात, वाळूनं भरले की त्याहून बरेच जास्त, आणि त्यांना धरायला मूठ असते. एका बंद पडलेल्या किराणा दुकानातून तराजूची जुनी लोखंडी मापं आणली, एक किलोचं, दोन किलोचं, पाच किलोचं. त्यांच्यावर वजनमाप खात्याचे शिक्के आहेत. पुण्यातल्या कुठल्या जिममधलं वजन सरकारनं तपासलेलं असतं सांगा बरं.

सगळ्यात अवघड गेलं ते खालचं ओझं उचलणं. कांद्याचं पोतं 50 किलोचं, आम्ही अर्ध्यावर आणून बांधलं. भाची म्हणाली, कंबरेतून वाकायचं नाही, पाठ सरळ, पोतं अंगाशी, गुडघे थोडे वाकवायचे आणि बूड मागं न्यायचं. बूड मागं न्यायचं म्हटल्यावर सगळ्या जणी खिदळायला लागल्या आणि बराच वेळ कुणाचंच बूड मागं जाईना. सासूसमोर ही गोष्ट कशी करायची? शेवटी आत्याबाईंनीच पुढं होऊन दाखवलं. "पाटा असाच उचलायचा आस्तो," म्हणाल्या. "माझ्या आईनं शिकिवलंय. कंबरंत वाकली का पाठीत चपराक बसायची." भाचीच्या कॉलेजात हा धडा चार वर्षांच्या अभ्यासक्रमात आहे.

शंका पुष्कळ निघाल्या. दंडाला पुरुषासारख्या बेडकुळ्या येतील ही मुख्य. भाचीनं समजावलं, की पुरुषाचा तो टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगात फारच थोडा असतो, स्नायू घट्ट होतात पण बेडकुळ्या यायला वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. जाऊबाई हिरमुसल्या. त्यांनी शिवणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, की यंदा ब्लाउजच्या बाहीत माया जरा जास्त सोडा.

दुसरी शंका वयाची. हिच्यासाठी भाचीकडं माणसांची यादीच होती. अमेरिकेतल्या अर्नेस्टाइन शेफर्डबाई 56 व्या वर्षी पहिल्यांदा व्यायामाला लागल्या आणि सत्तरी ओलांडून शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरल्या, गिनीज बुकात नाव गेलं. 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वर्षांच्या दहा जणांकडून पायांनी वजनं उचलून घेतली, आठ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. अमेरिकेची उदाहरणं आमच्याकडं फारशी चालत नाहीत. "त्यांला काम काय असतंय?" यावर पडदा पडतो. पण पुण्याच्या डॉ. शर्वरी इनामदार साडी नेसून वजनं उचलतात, तो व्हिडिओ भाचीनं लावला तेव्हा सगळ्या मोबाईलवर पडल्या. वजनापेक्षा पदर कसा खोचलाय तेच जास्त पाहिलं. आणि आत्याबाईंना पटल्या त्या हडपसरच्या शांताबाई पवार, 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात पुण्याच्या रस्त्यावर 85 व्या वर्षी दोन हातांत दोन काठ्या फिरवणाऱ्या. तेव्हापासून आत्याबाई कुत्र्याला हाकलायची काठी जरा जास्तच फिरवतात. कुत्रं यायचं बंद झालंय.

बारामतीच्या लताबाई करेंचं नाव मात्र शेजारच्या वैनींनी काढलं, आमच्या विरोधात. 2014 साली साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात लताबाईंचं काम लताबाईंनीच केलं. "त्या कुठं कॅन उचलीत होत्या? मजुरीच करीत होत्या की," वैनी म्हणाल्या. याला माझ्याकडं उत्तर नाही. काही बायका कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. पण बाईची ताकद दिसायला नवरा आजारीच पडावा लागतो, ही पद्धत मला पसंत नाही.

पुरुषमंडळींचं म्हणाल, तर पारावर आठवडाभर चर्चा झाली. एकानं विचारलं, "बायका कुस्तीच्या फडात उतरणार का काय?" दुसऱ्यानं सांगितलं, की 2023 ला सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा उतरल्या तर उतरल्या. तिसऱ्याला काळजी पडली, की संध्याकाळी पाचाचा चहा कोण करणार. पाचाचा चहा हाच आमच्या तालुक्यातला खरा प्रश्न आहे, बाकी सगळं तोंडी लावायला.

भानगड झाली ती खुराकावरून. भाची म्हणाली, किलोला पाऊण ग्रॅमहून थोडं अधिक, म्हणजे नेमकं 0.83 ग्रॅम प्रथिन रोज लागतं असं हैदराबादच्या पोषण संस्थेनं सांगितलंय. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा. आम्ही हिशेब मांडला. घरात दोन गाई, दूध डेअरीला जातं, घरात उरतं ते चहापुरतं. अंडी पोरांना. मटकीच्या कालवणातली मटकी गड्यांच्या ताटात, बाई शेवटी बसते तोवर पातेल्यात रस्सा उरतो. हुलग्याची शेंगोळी आणि मासवडी या आमच्या भागातल्या दोन गोष्टी प्रथिनांना उत्तम, पण मासवडी पाहुणा आल्याशिवाय होत नाही आणि पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय घरधन्याला चैन पडत नाही. एकूण बेरीज पंचवीसच्या पुढं जाईना.

आणि मग जाऊबाई गोठ्यात गेल्या. गोठ्याच्या भिंतीवर भाऊजींनी खडूनं बैलांच्या खुराकाचा तक्ता लिहिलेला आहे. सकाळी दूध दोन लिटर, अंडी चार, उडदाची डाळ भिजवून, गव्हाच्या कणकेचे गोळे, हुलगे शिजवून, बदाम. संध्याकाळी पोहणी, अंग रगडणं, पूर्ण आराम. जाऊबाईंनी तक्ता वाचला, तोंडात पदर धरला आणि परत वाचला. मग खडू उचलला आणि सर्ज्या बैलाच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: थोरली. दूध अर्धा लिटर. अंडी दोन. हुलगे वाटीभर. आराम दुपारी एक तास. औताला जुपू नये.

संध्याकाळी भाऊजींनी ते वाचलं आणि तक्त्यापुढं बराच वेळ उभे राहिले. ते वाईट माणूस नाहीत, वहिनीच्या हातची भाकरी खाऊनच वाढलेत. पण गाडामालक तो गाडामालक.

"वैनी, बैल बक्षीस आणतो," ते म्हणाले. "मागल्या यात्रंत दुचाकी मिळाली."

"त्या दुचाकीवर मला कधी मंचरला न्हेलंय का?"

"आराम एक तास लिव्हलाय तुमी. त्याच टायमाला गाईची धार असती. मग धार कोण काढणार?"

"सर्ज्याला सांगा," जाऊबाई म्हणाल्या. "चांगला तालमीत तयार झालाय."